घातांकी फलनाचा आलेख क्ष-अक्ष ओलांडतो, हे कसं?

चौकोनी_वही:
य = ३ × २^(क्ष−१) − ४ चा आलेख काढतोय. घातांकी फलनाचा आलेख क्ष-अक्षाला कधीच टेकत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे क्ष = १ ला य = −१ आणि क्ष = २ ला य = २ येतं. मग मधे अक्ष ओलांडला ना?

फळा_खडू:
ओलांडला, आणि ते बरोबरच आहे. 'टेकत नाही' हे २^क्ष साठी खरं. इथे शेवटी ४ वजा केलेत, त्यामुळे सगळा आलेख ४ घरं खाली उतरला आणि अनंतस्पर्शी रेषाही (आलेख जिच्या जवळ जवळ जातो पण जिला टेकत नाही ती) त्याच्याबरोबर य = −४ वर आली. आधी ती तुटक काढून घ्या. मग बिंदू मांडा: (−१, −३.२५), (०, −२.५), (१, −१), (२, २), (३, ८).

आता तुटक रेषेपासूनची उंची मोजा: ०.७५, १.५, ३, ६, १२. दर घराला दुप्पट! घातांकी वाढ इथे दिसते, नुसत्या य मध्ये शोधलीत तर सापडणार नाही.

छेदबिंदूसाठी २^(क्ष−१) = ४/३ सोडवा; क्ष ≈ १.४१५. बिंदू पट्टीने जोडलेत तर तो १.३३३ वर दिसेल, कारण वक्र त्या सरळ रेषेच्या खालून जातो. हातानेच गोलाई द्या.

लॉग_कागद:
दोन चुका फार होतात. ३ × २ चे आधीच ६ करून ६^(क्ष−१) लिहिणं ही पहिली. क्ष = २ ला दोन्हीकडे उत्तर २ येतं, म्हणून ती लपते; क्ष = ३ ला मात्र ८ ऐवजी ३२. पडताळा एकाच बिंदूवर कधीच घेऊ नका. दुसरी एक्सेलमधली: घातांकाचा कंस राहिला की १ घातातून न जाता उत्तरातून वजा होतो, आणि क्ष = १ ला −१ ऐवजी १ येतं.

चौकोनी_वही:
उंची दुप्पट होतेय, पटलं. पण मग (क्ष−१) मुळे आलेख उजवीकडे सरकतो की बुटका होतो?

फळा_खडू:
दोन्ही एकच. ३ × २^(क्ष−१) म्हणजेच १.५ × २^क्ष. पाया २ असताना एक घर उजवीकडे सरकवणं म्हणजे तुटक रेषेपासूनची प्रत्येक उंची निम्मी करणं. परवलयाचं असं होत नाही.

लॉग_कागद:
अर्ध-लॉग कागदावर (ज्याच्या उभ्या अक्षावर समान अंतर म्हणजे समान पट) ताडून बघायचं तर य नाही, य + ४ मांडा. तरच सरळ रेषा येईल.