मदत हवी आहे: वडिलांचे सत्तरीचे आयुष्मान कार्ड झाले, जुनी आरोग्य विमा पॉलिसी चालू ठेवावी की सोडावी?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. वडिलांचे वय ७३ आणि आईचे ६७ आहे. वडील पीथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. नोकरीबरोबर कारखान्याचा विमाही संपला, म्हणून २०१३ साली आम्ही दोघांची मिळून दहा लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (म्हणजे एकाच विमा रकमेत घरातले सगळे) घेतली आणि ती आजवर एकदाही खंडित होऊ दिलेली नाही. वडिलांना २०२० साली एक स्टेंट बसवलेला आहे, तर आईला मधुमेह आहे. नूतनीकरणाची तारीख दोन महिन्यांवर आली आहे आणि घरात काही केल्या एकमत होत नाही, म्हणून आपला सल्ला हवा आहे.

वाद असा आहे. माझे काका म्हणतात, दादांचे (म्हणजे माझ्या वडिलांचे) आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मान भारत योजनेतले सत्तरीवरील लोकांचे कार्ड, तयार आहे, सरकार पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत देत आहे, तर दरवर्षी एवढा मोठा हप्ता कंपनीच्या घशात घालण्यापेक्षा तीच रक्कम बँकेत ठेवा. पुण्याला असलेला माझा मोठा भाऊ याच्या अगदी विरुद्ध मताचा आहे. कार्ड हे कार्ड आहे आणि पॉलिसी ही पॉलिसी आहे, या वयात एकदा सुटलेली पॉलिसी पुन्हा हाती लागत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. गणपतीत कॉलनीच्या मांडवातसुद्धा हाच विषय निघाला होता आणि तिथेही असेच दोन तट पडले. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

आधी हप्त्याचा हिशेब मांडतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्यातच आहे. गेल्या वेळी मूळ हप्ता ५८,००० रुपये होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आम्ही ६८,४४० रुपये भरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे आमची अपेक्षा अशी होती की या वेळी ५८,००० च भरावे लागतील. प्रत्यक्षात आलेली नोटीस ६३,८०० रुपयांची आहे, म्हणजे मूळ हप्ता बरोबर दहा टक्क्यांनी वाढवलेला आहे. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये असा आदेश काढला होता की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीने आधी नियामकाशी विचारविनिमय करावा. आमच्या कंपनीने ती मर्यादा काटेकोर पाळली, पण पुरेपूर वापरलीही. काका म्हणतात की ४,६४० रुपये वाचले, तेव्हा तक्रार कसली? त्यांचा आकडा बरोबर आहे. मात्र पुढच्या वर्षी पुन्हा दहा टक्के वाढ झाली तर हप्ता ७०,१८० रुपये होईल, म्हणजे करमाफीच्या आधी आम्ही जे भरत होतो त्याच्याही वर जाईल. वडिलांचे निवृत्तिवेतन अगदी तुटपुंजे असल्यामुळे हा हप्ता मी आणि भाऊ मिळून भरतो.

करमाफी ही चांगली गोष्ट आहे यात मला शंका नाही. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून आयुर्विमा आणि वैद्यकीय विम्याच्या हप्त्यावरचा कर काढण्याची मागणी केली, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनाच वाटले होते की आपल्या मनातले कुणीतरी बोलले. पुढे मंत्रिगट नेमला गेला आणि ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत निर्णय झाला. परंतु या निर्णयाची दुसरी बाजू अशी की विक्रीवर कर नसल्यामुळे कंपन्यांना एजंटचे कमिशन, कार्यालयाचे भाडे आणि इतर सेवांवर भरलेल्या कराची वजावट आता घेता येत नाही. तो खर्च शेवटी कुणाच्या माथी येणार, हे उघड आहे.

आता कार्डाविषयी. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ही योजना सत्तरीच्या पुढच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) नाही, हप्ता नाही, आणि खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळते. वडिलांसारख्या स्टेंट बसवलेल्या माणसासाठी हे किती मोलाचे आहे, हे ज्यांनी विमा कंपन्यांकडून नकार ऐकले आहेत त्यांनाच कळेल. परंतु आई ६७ वर्षांची असल्यामुळे तिला ते आणखी तीन वर्षे मिळणार नाही. फ्लोटर सोडली तर त्या तीन वर्षांत आई पूर्णपणे उघड्यावर येते. घरातल्या चर्चेत हा मुद्दा दरवेळी मागे पडतो, कारण सगळ्यांचे लक्ष वडिलांच्या हृदयाकडे असते.

पॉलिसीचा अनुभवही निखळ समाधानाचा नाही, तोही सांगायला हवा. गेल्या वर्षी वडिलांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी घरी जायला सांगितले, सलाईनची सुई काढली, वडील स्वतःचे कपडे घालून, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले, आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. टीपीएने (कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) जुन्या सोनोग्राफीचा अहवाल मागितला, तो दिल्यावर आणखी एक शंका काढली, आणि दिवेलागणीनंतर मंजुरी आली. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी आणि उशीर झाल्यास रुग्णालयाने लावलेला वाढीव खर्च कंपनीने सोसावा, असा नियम मे २०२४ पासून आहे. तो त्या काउंटरवर कुणालाच ठाऊक नव्हता. बिलातून हातमोजे, मास्क, ॲडमिशन किट अशा वस्तू वगळल्या गेल्या आणि ते पैसे आम्ही रोख भरले. तरीही मुख्य खर्च पॉलिसीनेच उचलला, हे मान्य करायलाच हवे.

माझे प्रश्न असे आहेत. वडिलांना केवळ कार्डावर ठेवून आईची वेगळी पॉलिसी करता येईल का, आणि तसे केल्यास २०१३ पासूनचा सलगपणा टिकतो का? दुसरे म्हणजे, इंदूरमध्ये सत्तरीच्या कार्डावर खासगी रुग्णालयात हृदयाचे किंवा हाडांचे मोठे उपचार ज्यांनी करून घेतले, त्यांचा प्रत्यक्ष अनुभव काय आहे? आणि या सगळ्या सुधारणांचा लाभ आमच्यासारख्या निवृत्त, मध्यमवर्गीय घराला खरोखर किती होतो, याबद्दलही मते जरूर लिहावीत, कारण काकांना पटेल असे उत्तर मला एकट्याला देता येत नाही.

पहिला प्रतिसाद

आपल्या पॉलिसीत पैशांहून मौल्यवान गोष्ट आहे ती तिची सलग वर्षे. साठ महिने सलग पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण सांगून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता, २०२४ मध्ये तो पाचवर आला. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळही चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणला गेला. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादाही उरली नाही, पण याचा अर्थ कंपनीने ७३ वर्षांच्या, स्टेंट असलेल्या माणसाला पॉलिसी दिलीच पाहिजे असा होत नाही. कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते, आणि बहुतेक वेळा देते.

फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत वयस्कर सदस्याच्या वयावर ठरतो. आईसाठी आपण आज वडिलांच्या वयाच्या दराने पैसे मोजत आहात. म्हणून त्याच कंपनीकडे लेखी मागणी करा की आईला स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतरित करावे आणि आजवरच्या वर्षांचा लाभ त्यात लिहून द्यावा. लेखी उत्तर हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. वडिलांची पॉलिसी दहाऐवजी पाच लाखांची करून हप्ता कमी करता येतो का, हेही विचारा. मात्र एकदा कमी केलेली रक्कम पुढे वाढवायची झाली तर वाढीव भागासाठी प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो, हे लक्षात असू द्या. दुसऱ्या कंपनीत जायचे असेल तर पोर्टचा (पॉलिसी लाभांसह दुसरीकडे नेण्याचा) अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा, म्हणजे तुमच्या हाती फार दिवस नाहीत.

दुसरा प्रतिसाद

माझे मत कदाचित आवडणार नाही, तरी लिहितो. २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरच्या जीएसटीतून सुमारे ८,२६३ कोटी रुपये गोळा झाले होते आणि त्यातला मोठा वाटा राज्यांकडे जात होता. ज्यांना ६० हजारांचा हप्ता परवडतो त्यांना दिलासा मिळाला. ज्यांना कोणताच विमा परवडत नाही ते झाबुआ, धार, खरगोनहून इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयात येतात आणि बाहेर फरशीवर चादर टाकून नातेवाईकाची वाट पाहतात. त्यांच्यासाठी या करमाफीत काय आहे? सरकारी रुग्णालयात खाटा, परिचारिका आणि तपासणी यंत्रे वाढली असती तर आपल्याला विम्याची इतकी धास्तीच वाटली नसती. नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फत मिळणाऱ्या समूह विम्यावर १८ टक्के कर अजूनही आहे, त्यामुळे कारखान्यातल्या कामगारांच्या विम्याला या निर्णयाचा काही उपयोग नाही. आपण आपल्या आईवडिलांची सोय जरूर पाहावी, तो आपला हक्क आहे. मात्र ‘सुधारणा झाली’ असे म्हणताना ती कुणापर्यंत पोहोचली हेही पाहावे.

तिसरा प्रतिसाद

मी शहरातल्या एका छोट्या रुग्णालयात शल्यचिकित्सक आहे. कार्डाविषयी दोन्ही बाजूंनी टोकाचे बोलले जाते, म्हणून कामाचे तेवढे सांगतो. आयुष्मानमध्ये प्रत्येक उपचाराचे पॅकेज, म्हणजे एकत्रित दर, ठरलेले असते. औषधे, तपासण्या, इम्प्लांट, भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस त्यातच येतात, आणि रुग्णाकडून वर पैसे घेण्याची परवानगी नाही. खासगी रुग्णालयांना हे दर अनेक शस्त्रक्रियांसाठी अपुरे वाटतात आणि पैसे उशिरा मिळतात ही तक्रारही खरी आहे. परिणामी एखादे रुग्णालय यादीत असते, पण डोळ्यांच्या किंवा मूत्रपिंडाच्या उपचारांपुरतेच. म्हणून यादीत नुसते नाव पाहून थांबू नका. हृदयरोग आणि अस्थिरोग या विभागांसाठी ते संलग्न आहे का, हे तिथल्या आयुष्मान मित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) आजच, म्हणजे गरज पडण्याआधी, विचारून ठेवा. वर पैसे मागितले तर १४५५५ वर तक्रार करता येते.

पाच लाखांची मर्यादा ही घरातल्या सत्तरीवरील सर्वांची मिळून आहे, दोघांची वेगवेगळी नव्हे. आई सत्तरीची झाल्यावर हेही हिशेबात धरा. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची गोळ्या-औषधे यात येत नाहीत. तसेच एकाच भरतीत कार्ड आणि पॉलिसी जोडून वापरता येतील असे गृहीत धरू नका.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फ्लोटरचा हप्ता वडिलांच्या वयावर ठरतो हे एजंटने इतक्या वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. काल कंपनीच्या शाखेत आईच्या स्वतंत्र पॉलिसीसाठी आणि वडिलांची रक्कम पाच लाख करण्यासाठी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. उत्तर समाधानकारक आले नाही तर तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तीस दिवसांनंतर भोपाळच्या विमा लोकपालाकडे नेता येते, त्यासाठी वकील किंवा शुल्क लागत नाही, हेही पाहून ठेवले आहे.

दुसऱ्या प्रतिसादातला मुद्दा मी काकांना वाचून दाखवला. ते आणि मी प्रथमच एका बाजूला आलो, कारण ते स्वतः एम. वाय. मध्ये बरे होऊन आलेले आहेत आणि तिथल्या डॉक्टरांबद्दल त्यांना फार आदर आहे. सरकारी रुग्णालयांवर खर्च वाढला पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो वाढेपर्यंत आईचा मधुमेह थांबणार नाही, त्यामुळे पॉलिसी सोडण्याच्या बाजूने मी जाऊ शकत नाही.

आता एकच माहिती हवी आहे. फ्लोटरमधून एका सदस्याला वेगळे करताना साठलेला बोनस (दावा न केलेल्या वर्षांबद्दल विमा रकमेत मिळालेली वाढ) आईच्या नव्या पॉलिसीत धरला जातो, की तो वडिलांच्या पॉलिसीतच राहतो? शाखेतल्या दोन जणांनी दोन वेगळी उत्तरे दिली. ज्यांनी असे विभाजन प्रत्यक्ष करून घेतले आहे त्यांनी आपल्या नव्या पॉलिसीच्या कागदावर नेमके काय लिहून आले ते कृपया सांगावे.