नगरपंचायत वडिलांच्या घरावर आमची नावं लावत नाही, मदत हवी आहे (तातडीची)

गडबडगुंडा
नमस्कार. वडील वारले, घर त्यांच्या नावावर आहे. वारस म्हणून आई, मी आणि बहीण अशी नावं लावायला नगरपंचायतीत अर्ज दिला. बाबू म्हणतो, आधी गुंठेवारी (म्हणजे प्लॉट आणि बांधकाम नियमित) करून आणा. वर घरपट्टीच्या बिलात शास्ती (दंड) लावून रक्कम दुप्पट केली आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा असलं काही नव्हतं, ग्रामसेवक एका दिवसात नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा हातात द्यायचा. बँक उताऱ्यासाठी अडून बसली आहे. बाहेर टपरीवर एक एजंट आहे, तो म्हणतो सगळं करून देतो, पण आकडा ऐकून चक्कर आली. हे नेमकं कोणत्या कायद्यात बसतं? कृपया "वकील करा" सांगू नका.

मुक्ताई
घर गावठाणात आहे की बाहेर? कधी बांधलं? जागा कशी घेतली, खरेदीखत आहे का? सिटी सर्व्हे झाला आहे का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

गडबडगुंडा
ताई, घर म्हणजे घर. मराठवाड्यात तालुक्याचं गाव आहे, २०१५ च्या सुमारास नगरपंचायत झाली. कागद सगळे आहेत. फक्त गुंठेवारी लागते का नाही एवढंच सांगा.

पाटलांचा_बाळ
काही लागत नाही भाऊ. तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी) उठली! नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश निघाला, १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे गुंठ्यांचे व्यवहार फुकटात नियमित. आधी बाजारभावाच्या २५ टक्के भरायला लागायचे, मग ५ केले, आता शून्य. आमच्या चुलत्याचं तलाठ्याकडे चालू आहे. अध्यादेशाची प्रत काढा आणि बाबूच्या टेबलावर आपटा.

निवृत्त_लिपिक
आपटू नका, तो तुमच्यावर आपटेल. नगरपरिषदेत कर विभागात नोकरी झाली म्हणून लिहितो. इथे तीन कायद्यांची खिचडी झाली आहे. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा जमिनीच्या हस्तांतरणाचा, तो महसूलकडे. गुंठेवारीचा २००१ चा कायदा मंजूर रेखांकनाशिवाय पडलेले प्लॉट आणि त्यावरच्या बांधकामांचा. त्याची मुदत पूर्वी १ जानेवारी २००१ होती, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० केली. आणि कर आकारणी नोंदवहीत नाव लावणं हे १९६५ च्या नगरपरिषद, नगरपंचायत अधिनियमाखालचं काम. कर नोंदवहीतलं नाव म्हणजे मालकी नव्हे, कर कोणाकडे मागायचा याची नोंद. पाटील म्हणतात ते जमिनीपुरतं खरं आहे, पण तुकडा नियमित झाला म्हणून त्यावरचं बांधकाम नियमित होत नाही.
माझ्या मते वारस नोंदीला गुंठेवारीची अट लागू नये. मृत्यूदाखला, वारसांचं शपथपत्र आणि चालू थकबाकी भरलेली, एवढ्यावर आम्ही नोंदी केल्या आहेत. नुसत्या नोंदीसाठीच अर्ज दिला आहे ना?

पाटलांचा_बाळ
काका, तुम्ही लोकांनीच वर्षानुवर्षं हे असं गुंतवून ठेवलंय. सरकार सोडवतंय तर तुम्हाला पोटदुखी.

सदाशिवपेठी
गडबडगुंडा, घरात स्वतः राहता का? मग घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते. पीटी-३ फॉर्म भरा, सोबत सोसायटीचं पत्र आणि आधार जोडा. मी भरला, पुढच्या बिलात वजावट आली.

मुक्ताई
सदाशिवपेठी, ते पुणे महापालिकेचं आहे हो.

रानातला_राजा
सगळ्याचं मूळ प्रशासक राज. वर्षानुवर्षं निवडणुका नाहीत, मुख्याधिकारी म्हणेल ती पूर्व दिशा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान उपटले तेव्हा कुठे २ डिसेंबरला मतदान झालं, आणि निकालाला २१ तारीख उजाडली. आता नगरसेवकाला धरा, पाच मिनिटांचं काम आहे.

पाटलांचा_बाळ
नगरसेवकाला कोण विचारतो? नगराध्यक्ष थेट जनतेतून. २०१६ ला थेट केला, २०२० ला काढला, २०२२ ला परत थेट. मुंबईत सरकार बदललं की इथे खुर्चीचे पाय बदलतात. आमच्याकडे नगराध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्याचं, गटारीचा ठरावसुद्धा होत नाही.

रानातला_राजा
मग पूर्वीसारखा घोडेबाजार बरा का? नगरसेवक सहलीला नेऊन ठेवायचे ते विसरलात?

मुक्ताई
धागा घराचा आहे. गडबडगुंडा, लिपिककाकांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या.

गडबडगुंडा
अर्ज एकच आहे. नावं लावायची आणि वरचा मजला बांधायचा, दोन्ही त्यातच लिहिलंय. बँकेचं कर्ज वरच्या मजल्यासाठीच आहे. यात सांगण्यासारखं काय होतं?

निवृत्त_लिपिक
अहो, हेच तर सांगण्यासारखं होतं! बाबू गुंठेवारी मागतो ती नावासाठी नाही, बांधकाम परवानगीसाठी. मजला चढवायचा तर खालची जागा आणि खालचं बांधकाम दोन्ही कायदेशीर दिसावं लागतं. दोन वेगळे अर्ज द्या. वारस नोंदीचा लोकसेवा हक्क कायद्याखाली द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. मुदत १५ दिवसांची आहे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, मग प्रथम अपील, द्वितीय अपील, वर सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. पोच मागितली की तोंडी "गुंठेवारी आणा" निम्मं बंद होतं.
आता शास्तीचं. बिलावर शास्ती कुठल्या रकान्यात आहे? अवैध बांधकामाची शास्ती कराच्या दुपटीपर्यंत असू शकते, त्याच १९६५ च्या अधिनियमाचं कलम १८९-अ. थकबाकीवरची वेगळी, दरमहा २ टक्के. बिल समोर धरा आणि बघा.

गडबडगुंडा
"मागील थकबाकी" असा रकाना आहे आणि त्याच्या शेजारी "शास्ती २%" असं बारीक अक्षरात. अवैध वगैरे शब्द नाही. पण बाबू स्पष्ट म्हणाला, दुप्पट झालंय.

निवृत्त_लिपिक
दरमहा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. एखाद्या वर्षाचा कर चार वर्षं थकला की त्यावर जवळजवळ मुद्दलाइतकी शास्ती होते, म्हणून दुप्पट. अवैध बांधकामाची शास्ती तुम्हाला लागलेलीच नाही, उलट बरं झालं म्हणा. वडिलांनी भरायचं का थांबवलं होतं?

गडबडगुंडा
नगरपंचायत झाली, फेर आकारणी झाली आणि कर एकदम वाढला. गल्लीतल्या सगळ्यांनीच भरला नव्हता. पुढारी म्हणाले होते, भरू नका, माफ करून आणतो.

मुक्ताई
फेर आकारणीला हरकत नोंदवायला मुदत असते, तेव्हा कोणी हरकत घेतली नसेल तर आता मूळ कर भरावाच लागेल. शास्तीसाठी मात्र २०२५ मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या थकबाकीदारांसाठी अभय योजना आली आहे. तुमच्याकडे लागू आहे का, मूळ कर एकरकमी भरून शास्ती किती सुटते, हे लेखी विचारा. पुढाऱ्याला नको, कर विभागाला.

पाटलांचा_बाळ
आणि नाव सातबाऱ्याला लावून घ्या अध्यादेशातून, मी पहिल्यापासून तेच सांगतोय. मजल्याची परवानगी नंतर मागता येईल. बँकसुद्धा सातबाराच बघते.

कोर्टकचेरी
वारस नोंदीसाठी कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा. आमच्याकडे त्याशिवाय होत नाही.

निवृत्त_लिपिक
भावंडांत वाद असेल तरच तिकडे जा. इथे आई, भाऊ, बहीण एकत्र अर्ज देताहेत, शपथपत्र पुरे. पाटील, या वेळी तुमचं बरोबर आहे, बांधकामाच्या बाजूने जायचं तर जमीन आधी. पण गडबडगुंडा, मुक्ताईंनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं ते राहिलंच. खरेदीखत नोंदणीकृत आहे का?

गडबडगुंडा
शंभराच्या बाँडवर आहे. १९९० च्या आसपासचा. त्यावर दोन साक्षीदार आहेत, आणि सरपंचाची सहीसुद्धा आहे. त्या काळी सगळे तसंच करायचे.

निवृत्त_लिपिक
मग ते खरेदीखत नाही. सरपंचाची सही असो नाहीतर तहसीलदाराची, दस्त नोंदवलेला नाही. मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागेल आणि त्यावर विकणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची सही हवी. घर बांधताना ग्रामपंचायतीची परवानगी घेतली होती का तेही शोधा, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ खालची. असली तर त्या कागदाला जपा, गुंठेवारीच्या फाइलला कामी येईल.

गडबडगुंडा
परवानगीचा कागद आईच्या ट्रंकेत सापडला, शिक्का पुसट आहे पण तारीख वाचता येते. विकणारे वारले. त्यांचे दोन मुलगे, एक मुंबईत. दुसऱ्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद आहे.

रानातला_राजा
मग बोलायला लागा.

सदाशिवपेठी
पीटी-३ फॉर्मची शेवटची तारीख कुणाला माहीत आहे का?