प्रति: फोटोवरून केलं तर काय बिघडतं?
फोटोवरून लँडस्केप केलं तरी तेच, बाहेर उन्हात कशाला बसायचं, असं वर विचारलंय म्हणून लिहितो. फोटोत सावली सरळ काळी येते हो, पण नाशिकला गोदाघाटावर सकाळी बसून बघा, त्याच काळ्या दगडी पायऱ्यांच्या सावलीत निळा-जांभळा दिसतो आणि पाण्याजवळच्या पायरीवर खालून उजेड येतो, तो मोबाईलला पकडताच येत नाही. चित्रकार शिवाजी तुपेंची जलरंगातली नाशिकची चित्रं जमलं तर प्रत्यक्ष बघाच. आणि एक, ऊन सरकतं त्यामुळे सावल्यांच्या कडा आधी पेन्सिलने पक्क्या करा, नंतर सावली हलली तरी चित्रातली हलवू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, पुरा व्हायच्या आत सुकतो, तेव्हा कागद मागूनही भिजवून घ्या.