डोंबिवलीत पहिलं घर: ओसी नसलेलं रिसेल की मोठागावातलं नवीन? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.
डोंबिवलीत भाड्याने राहतो. मी ठाण्याला नोकरीला, बायको दादरला. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचा आता कंटाळा आलाय. हाताशी ११ लाख आहेत आणि दोन वन बीएचकेंवर घोडं अडलंय.

पहिला पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. २००६ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोसायटी आहे, पण ओसी (पालिकेचा भोगवटा दाखला) नाही, कन्व्हेयन्सही (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) नाही. "डोंबिवलीत ओसी बघत बसलात तर घर होणार नाही साहेब," इति एजंट. मालकाला ४२ लाख हवेत, त्यातले सहा रोख.

दुसरा पश्चिमेला मोठागावात, अजून बांधकाम चालू. सातवा स्लॅब पडलाय, रेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे, किंमत ४४ लाख. खाडीवरच्या माणकोली पुलाचं नाव दर दोन वाक्यांनी निघतं. सॅम्पल फ्लॅटमधल्या बेडरूमला दारच लावलेलं नाही आणि पलंग इतका आखूड की माझे पाय बाहेर राहतील. पार्किंगचे दोन लाख वेगळे. आजच टोकन द्या, सोमवारी रेट वाढतोय म्हणून रोज फोन.

२० टक्के म्हणजे ८ लाख ८० हजार भरले की बाकीचं कर्ज, असा माझा हिशोब आहे. बरोबर आहे का? घर बायकोच्या नावावर घेतलं तर काही फायदा?

ठाकुर्लीकर:
रोखीवाल्याला आधी नमस्कार करा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. शिवाय कर्ज कागदावरच्या ३६ लाखांवर मिळेल, वरचे सहा तुमच्या खिशातून. ओसी नसेल तर बऱ्याच बँका हात आखडतात आणि कन्व्हेयन्स नसलेली इमारत पुनर्विकासाला निघाली की जमिनीच्या मालकापासून सुरुवात. मी तरी घेणार नाही.

मोठागावातल्या रेरा नंबरवरही विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला, लोक राहत असताना. महारेराच्या साइटवरून सीसी (बांधकाम सुरू करायचा पालिकेचा परवाना) उतरवून घ्या आणि त्याचा नंबर पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा.

निवृत्त बँकवाला:
हिशोबात मुद्रांक शुल्क कुठे आहे? बँक ते कर्जात धरत नाही. आपल्याकडे ७ टक्के, म्हणजे ३ लाख ८ हजार. नोंदणी ३० हजार. जीएसटी १ टक्का धरला तर ४४ हजार. तुमचे ८.८० धरून १२ लाख ६२ हजार झाले. वकील, सामान हलवणं, पंखे-ट्यूबलाइट त्यावर.

खरी गोम पार्किंगमध्ये आहे. १ टक्का जीएसटी हा ६० चौ. मीटरपर्यंतच्या कार्पेटला (घराच्या आतल्या वापरायच्या जागेला) आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला. त्या ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज सगळं मोजतात. तुमचे ४६ झाले की दर ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. गाडी नसेल तर पार्किंग सोडा, नाहीतर एकूण ४५ च्या आत लिहून घ्या.

घर फक्त वहिनींच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सूट, ४४ हजार वाचतील. दोघांची नावं घातली की सूट गेली. मात्र हप्ते तुम्ही भरणार असाल आणि मालकीत नाव नसेल, तर आयकरात व्याजाची वजावट तुम्हाला मिळणार नाही.

आणि करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. सोमवारी रेट वाढू दे.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. रिसेल रद्द. पार्किंग सोडतो म्हटल्यावर सेल्सवाली म्हणाली, "सर, कम्पल्सरी आहे." हे लेखी मागू का? आणि बँकेचा वकील कागद बघणारच आहे, तरी आपला वेगळा लावायचा का? कल्याणमध्ये साधारण किती घेतात?

ठाकुर्लीकर:
लेखी मागाच, ईमेलवर. बँकेचा वकील बँकेचे पैसे बघतो, तुमचे नाही. फी आधी ठरवा आणि ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदी तपासणं) त्यात धरलाय का ते विचारा.