ऑटोइम्यून हिपॅटायटिस: मीठ बंद करायचं का?

दादरकर: आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर हल्ला करते). प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे, पावलांना सूज येते. तिचं मीठ पूर्ण बंद करू? सैंधव चालेल?

परळचा_डबा: पूर्ण बंद नको, जेवणच तुटतं. सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. स्टिरॉइडमुळे शरीर सोडियम धरून ठेवतं, म्हणून सूज. पण सूज डॉक्टरांना दाखवाच. सैंधवही सोडियम क्लोराइडच! खरे चोर पाव, फरसाण, पापड, खारा बांगडा.

गिरगावकर: 'लो सोडियम' मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. सोबत स्पायरोनोलॅक्टोन (सूज उतरवणारं, लघवी वाढवणारं औषध) असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात.

दादरकर: मिठाने मूळ आजार बळावतो?

परळचा_डबा: २०१३ मध्ये उंदरांत जास्त मिठाने टीएच-१७ पेशी (दाह वाढवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढून आजार बळावलेला दिसला, पण तो आजार मज्जासंस्थेचा होता, यकृताचा नव्हे.