सत्कार कोणासाठी? लिस्बनच्या विजेत्यांवरून पेटलेली चर्चा

धरमपेठकर :
काल इथे एकाने लिहिले की, साठ वर्षांपूर्वी चषक जिंकलेल्या म्हाताऱ्यांना मैदानात आणून टाळ्या वाजवणे हा भावनेचा बाजार आहे आणि तोच पैसा मुलांच्या बुटांवर खर्च व्हावा. उदाहरण त्यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबचे घेतले, म्हणून उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानने पेनल्टीवर आघाडी घेतली, पण पुढे गेमेल आणि चाल्मर्स यांनी गोल केले आणि युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक, युरोपियन कप, प्रथमच एका ब्रिटिश क्लबकडे आला. ते अकराही जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. म्हणजे कामठी, सावनेर, उमरेडच्या पोरांनी अख्खे युरोप जिंकावे तसे. छत्तीस वर्षांचा गोलकीपर सिम्पसन सहकाऱ्यांच्या दातांच्या कवळ्या आपल्या टोपीत घालून गोलजाळीत ठेवत असे. अशी गोष्ट गुणफलकावर सापडत नाही. ती सांगणारा माणूस समोर बसलेला असावा लागतो आणि त्याला वेळेत बोलवावे लागते.

इंदोऱ्याचा प्रशिक्षक :
ते मीच लिहिले होते आणि एक शब्दही मागे घेत नाही. माझ्याकडे रोज सकाळी चाळीस मुले येतात आणि चेंडू पाच, त्यातल्या एकाची हवा अर्ध्या तासात उतरते. जो नव्वदीपर्यंत जगला त्याला हार आणि जो साठीत गेला त्याच्या बायकोला निमंत्रणही नाही, हा न्याय मला कोणी समजावून सांगावा. संघ अकरांचा होता, तर सन्मान आयुष्याच्या लांबीवर कसा ठरतो?

धरमपेठकर :
घरच्यांना बोलवू नका असे मी कुठे म्हटले? जे नाहीत त्यांच्यासाठी क्लबच्या सेल्टिक पार्क मैदानातल्या एका स्टँडला ‘लिस्बन लायन्स’ हे त्या संघाचे टोपणनाव दिलेले आहेच. पण स्टँडला ऐकू येत नाही, माणसाला येते.

कामठीवाला :
माझे मामा इथल्या जिल्हा स्पर्धांत वीस वर्षे खेळले. एका संस्थेने त्यांना सत्काराला बोलावले, तेही मे महिन्यात, दुपारी चारला. प्रमुख पाहुणे सात वाजता आले. तोवर सगळे जुने खेळाडू पत्र्याच्या मांडवात बसून होते आणि पाण्याचा माठ मंचामागे, पाहुण्यांसाठी राखलेला. मग पंचेचाळीस अंशांत तापलेल्या त्या माणसाच्या खांद्यावर लोकरीची शाल टाकली आणि माइकवर नाव दुसऱ्याच कोणाचे वाचले. मामांनी घरी येऊन शाल घडी करून कपाटात ठेवली, ती आजही तशीच आहे. तेव्हा धरमपेठकर, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य असले, तरी आपल्याकडे सत्कार होतो तो सत्कार करणाऱ्यांचाच.

मेडिकल चौक :
मी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करते, म्हणून मला या वादात एक गोष्ट सतत खटकते आहे. सेल्टिकचा कर्णधार बिली मॅकनील याचा पुतळा २०१५ मध्ये, तो हयात असताना, मैदानाबाहेर उभा राहिला. त्याला स्मृतिभ्रंश असल्याचे कुटुंबाने २०१७ मध्ये जाहीर केले. एप्रिल २०१९ मध्ये तो गेला आणि आठवड्याभरात चाल्मर्सही गेला, त्यालाही तोच आजार. त्याच वर्षी ग्लासगोच्या संशोधकांनी ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा सुमारे साडेतीन पट आढळले. १९६८ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेत प्रत्येक फेरीत गोल करणारा वेस्ट ब्रॉम क्लबचा जेफ ॲस्टल ५९ व्या वर्षी वारला आणि चौकशीत त्याचा मृत्यू व्यवसायजन्य आजाराने झाल्याचे नोंदले गेले, कारण जन्मभर डोक्याने मारलेले चेंडू. ज्याला स्वतःचा गोल आठवत नाही, त्याला गर्दीसमोर उभे करण्याआधी रात्री त्याच्याजवळ कोण बसते, हे क्लबने विचारावे.

इंदोऱ्याचा प्रशिक्षक :
ताई, म्हणजे मी मुलांच्या मेंदूशी खेळतो, असा आपला आरोप आहे का? हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, शिकवले नाही, तर कॉर्नरला माझी पोरे खांबासारखी उभी राहतील. तो काळ भिजून जड होणाऱ्या चामडी चेंडूंचा होता. फीवाचून पंधरा वर्षे शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागावे, याचे वाईट वाटते.

मेडिकल चौक :
आरोप नाही, पण चेंडूचे कारण पुढे करून विषय संपत नाही. आजचा चेंडू भिजत नसला, तरी वेगाने येतो. स्कॉटलंडने २०२० मध्येच बारा वर्षांखालील मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकले. आपली मुले केवढी आहेत?

इंदोऱ्याचा प्रशिक्षक :
निम्मी बाराच्या आतली. ठीक आहे, त्यांचे हेडिंग थांबवतो. मोठ्यांचे थांबवणार नाही आणि त्यावर मला पुन्हा शिकवू नका.

धरमपेठकर :
ताईंच्या आकड्यांनी माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट घाई वाढते. आठवण शाबूत आहे तोवरच माणसाला विचारायचे असते. मात्र औषधपाण्याचा खर्च सोहळ्याच्या आधी यायला हवा होता, हे मी लिहायला विसरलो, ही माझी चूक. कामठीवाले भाऊ, मामांना काय काय आठवते?

कामठीवाला :
सगळे. कोणत्या सामन्यात कोणी पास दिला, तेही. नातवंडांना रोज सांगतात, पण बाहेरच्या कोणी आजवर विचारले नाही.

इंदोऱ्याचा प्रशिक्षक :
सत्काराबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण रविवारी सहा वाजता मामांना आणा, मुले ऐकतील. आठनंतर ऊन चढते, त्याआधी मी स्वतः त्यांना घरी सोडेन.

कामठीवाला :
आणतो. गुडघे गेले आहेत, तेव्हा पाठीची खुर्ची लागेल, ती मी गाडीत टाकून आणीन. आणि त्यांचे नाव आधी मला विचारून घ्या.