पावसाळी मासेमारी बंदीत होडी शाकारताना (वर ओढून झाकून ठेवताना) डिझेलची टाकी भरून ठेवायची की रिकामी?

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर:
१ जूनला बंदी लागायच्या आत होडी वर ओढायची आहे. लोखंडी टाकीत निम्मं डिझेल उरलंय. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडलो आणि इंजिन गचके द्यायला लागलं. फिल्टर उघडला तर आत काळा बुळबुळीत थर. बाबा म्हणतात टाकी रिकामी कर, मेकॅनिक म्हणतो फुल्ल भर. कोणाचं ऐकू?

उत्तन:
दादा, मेकॅनिकचं ऐका. पण आधी तळ साफ करा, नाहीतर जुन्या घाणीवरच नवं डिझेल पडेल.

अर्धी टाकी सगळ्यात वाईट. वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते, रात्री टाकी गार झाली की पत्र्याला आतून घाम सुटतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथेच बुरशी आणि जिवाणू वाढतात. तुमचा काळा थर तोच. रिकामी ठेवलीत तर लोखंड आतून गंजेल, म्हणून बाबांचं या टाकीला लागू नाही.

ड्रेन कॉकखाली (टाकीच्या तळाची तोटी) काचेची बाटली धरा आणि धार अगदी हळू सोडा. थोडा वेळ बाटली स्थिर ठेवून उजेडात बघा, खाली पाण्याची रेघ दिसते. रेघ दिसेनाशी होईपर्यंत काढत राहा. टाकी भरायची ती होडी वर ओढल्यावर, म्हणजे ओढताना वजन कमी. गळ्यापर्यंत भरू नका, फुगायला थोडी जागा हवी. हवेचा पाइप बुजवू नका, फक्त पाऊस आत जाणार नाही असं तोंड खाली वळवा. ऑगस्टला निघण्याआधी पुन्हा पाणी काढा, फिल्टर नवाच घाला.

सारसोळे:
पेट्रोलच्या आउटबोर्डवाल्यांनी (होडीच्या मागे बाहेर लावलेलं मशीन) टाकी भरून ठेवू नये. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळं होतं. आम्ही पेट्रोल काढून बाइकमध्ये घालतो. मग मशीनचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून, पेट्रोलची नळी काढून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. कार्बोरेटर कोरडा होतो.

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर:
आमच्या टाकीला कॉकच नाही.

उत्तन:
मग होडी वर घेतल्यावर टाकीचा एक कोपरा खाली येईल अशी टेकवा, रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी न हलवता हातपंपाची नळी त्याच कोपऱ्यात तळाला लावून ओढा. निघालेली घाण डब्यात भरून गॅरेजवाल्याला जळक्या ऑइलबरोबर द्या, खाडीत अजिबात ओतू नका. आपली चिंबोरी आणि निवट्या त्याच चिखलात वाढतात.